चिंचेचा ओट्टा आणि राहून गेलेला शब्द

“गुरुक्कळ, तुम्ही शब्द विसरायला लागलात का?”

आर्द्राने हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्या उजव्या मुठीत होतो. तिचा तळवा घामाने इतका ओला झाला होता, की मी निसटून तिच्याच पायावर पडतो की काय, अशी मला धास्ती वाटली. सकाळचे सहा वाजले होते. कलरीत, म्हणजे आमच्या युद्धकलेच्या आखाड्यात, चौदा जण होते आणि त्या चौदाही जणांनी एकदम श्वास रोखला.

वर, दारातल्या पायरीवर तिच्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या, हिबा आणि दिल्ना. आमची कलरी जमिनीत कमरेइतकी खोल खणलेली. त्यामुळे आतून पाहिले की दारात बसलेल्यांचे आधी पाय दिसतात. चारही पाय थिजले होते. आदल्या दिवशी शाळेसमोर याच दोघींनी तिला डिवचले होते. मला हे कसे माहीत? कारण मला तेल लावताना आर्द्रा सगळे सांगते. वर्गात कोणाला छड्या बसल्या इथपासून सगळे!

“एवढी तोंडाळ आहेस ना? मग विचार त्यांनाच,” हिबा म्हणाली होती. “विचारलंस तर आठवडाभर केळ्याची भजी माझ्याकडून.”

“आणि नाही विचारलं तर?” दिल्नाने आगीत तेल ओतले.

“तर नुसतीच शाळेची घंटा. आवाज मोठा, आतून पोकळ!”

तर आता प्रश्न विचारून झाला होता. आमचे गुरू, चात्तू गुरुक्कळ, सात पायऱ्यांच्या वेदीशेजारी उभे होते. वय एकोणऐंशी, पण पाठ अजून ताठ. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी कमरेचे वस्त्र नीट केले, वेदीवरच्या दिव्याकडे पाहिले आणि म्हणाले, “नववा खेळ. पहिल्यापासून.”

नववा खेळ झाला. एकही शब्द चुकला नाही. मग सगळे पाया पडून बाहेर निघाले तेव्हा त्यांनी आर्द्राला थांबवले.

“तुझ्या प्रश्नाचं उत्तर देईन. देवीच्या उत्सवाला, सगळ्यांसमोर. तोवर तोंडाला कुलूप.”

उत्सवाला अकरा दिवस होते.

मित्रांनो, मी एक जुना ओट्टा आहे. ओटा नव्हे, ओट्टा. दीड हात लांब, हत्तीच्या सोंडेसारखा दोनदा वळलेला, टोकाला लिंबाएवढी गाठ. मला धार नाही, की अणकुचीदार टोक नाही. नवख्याला वाटते, एखाद्या म्हाताऱ्याच्या काठीची मोडकी मूठ असेल. पण या गाठीचा टोला नेमक्या मर्मस्थानी बसला, तर उभा माणूस रिकाम्या पोत्यासारखा खाली येतो. हे मी फुशारकीने सांगत नाही. असे एकदा घडले आहे, आणि त्या गोष्टीची मला आजही शरम वाटते.

माझा जन्म चेरुवयलचा. आमच्या गावातल्या तळ्याकाठी एक जुनी चिंच होती. एका वादळात ती आडवी झाली. लोकांनी सरपण नेले, पोरांनी चिंचा नेल्या. आमचे सुतार कुंकन आशारी मात्र तीन दिवस नुसते बुंध्याभोवती फिरत राहिले. त्यांना सरळ लाकूड नको होते, मुळातच वाकलेले हवे होते. “लाकडाला वाकवलं की ते आयुष्यभर सरळ व्हायला बघतं,” ते म्हणत. “जे जन्मतःच वाकडं, ते कुणाचंही ऐकत नाही. तेच हवं.” अखेर एका मुळाच्या बेचक्यात त्यांना हवे ते वळण सापडले. त्यातून दोन ओट्टे निघाले, मी आणि माझा जोडीदार. तीन महिने आम्ही तळ्याच्या चिखलात पडून होतो आणि त्यानंतर तेलाच्या मडक्यात. 

त्या काळी राइरु गुरुक्कळ होते. त्यांनी मला हातात घेतले, डोळे मिटले आणि अंगठा माझ्या वळणावरून फिरवला. मग शिष्यांना म्हणाले, “तलवार रक्त दाखवते, म्हणून माणूस तिला भितो. हा काहीच दाखवत नाही. याला जास्त भ्या.”

आता नीट ऐका, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. आमचा खेळ डोळ्यांनी चालत नाही, कानांनी चालतो. गुरुक्कळ वेदीशेजारी उभे राहून एका लयीत शब्द देतात. त्याला वायत्तारी म्हणतात. समोरासमोर उभे असलेले दोघे जण तेच शब्द ऐकतात. एका शब्दाला एक जण वाकतो, पुढच्या शब्दाला दुसरा मारतो. शब्द आधी, हात नंतर. डोळ्यांनी काहीही दिसो, मनाला काहीही वाटो, शब्द पडल्याशिवाय हात हलवायचा नाही.

असे अठरा खेळ आहेत. ते कुठेही लिहिलेले नाहीत. गुरूच्या तोंडून शिष्याच्या तोंडी जातात, तेही शेवटी, आणि एकाच शिष्याच्या. बाकीच्यांनी ऐकायचे आणि अंगात मुरवायचे. शिष्याने कलरीत शब्द मोठ्याने उच्चारणे म्हणजे जिवंत बापाच्या ताटातला घास उचलणे!

अठराव्या खेळाच्या शेवटाकडे चार शब्द येतात. वळ. मागे. खाली. फिरव. ‘खाली’ म्हटले, की समोरचा मटकन उकिडवा बसतो. ‘फिरव’ म्हटले, की मी सूं करत त्याच्या डोक्यावरून जातो. क्षणापूर्वी त्याचा कान जिथे होता, बरोबर तिथूनच. मधे अंतर फक्त एका श्वासाचे.

साठ वर्षांपूर्वी मी चात्तूच्या हातात होतो. हो, हेच आमचे गुरुक्कळ! तेव्हा वय एकोणीस, अंगात वारे भरलेले. समोर त्यांचा थोरला भाऊ केळन. राइरु गुरुक्कळांनी ‘वळ’ म्हटले, ‘मागे’ म्हटले. केळनचा खांदा किंचित खचला. चात्तूच्या डोळ्यांना वाटले, हा बसतोच आहे. आणि चात्तूने शब्दाची वाट न बघता मला फिरवले.

सुपारी फुटावी तसा आवाज झाला. रक्ताचा एक थेंब आला नाही.

आमच्याकडचा कायदा असा, की ज्या हाताने मारले त्याच हाताने तेल लावायचे. चात्तूने एक्केचाळीस दिवस भावाला मालिश केले. तो स्वतः जेवायलाही विसरला. केळन उठला, चालला, हसू लागला. डावा कान मात्र कायमचा गेला. पुढे त्याने होडीच्या धक्क्यावर चहाचे दुकान टाकले आणि जन्मभर एकच विनोद सांगितला. “बायको नेमकी डावीकडे बसते. चात्तूनं माझा संसार वाचवला!” लोक हसत. चात्तू कधीच हसला नाही. त्याने त्या दिवशी मला वेदीवर ठेवले, आणि खेळण्यासाठी पुन्हा कधी हातात घेतले नाही.

पुढे तेच गुरुक्कळ झाले. अठराव्या खेळात ‘मागे’ म्हटल्यावर त्यांचा आवाज एक क्षण अडखळायचा, आणि मग ‘खाली!’ असा कडाडायचा की छपरावरचे कावळे उडून जात. केळन दर वर्षी उत्सवाला पहिल्या रांगेत, उजवा कान पुढे करून बसायचा. त्याला ऐकू जावे म्हणूनच ते तेवढ्या मोठ्याने ओरडत असावेत, असे मला वाटे.

मधली पुष्कळ वर्षे वाईट गेली. मुले यायची ती तलवारींसाठी. तलवारींच्या ठिणग्या उडतात, टाळ्या पडतात. माझ्यातून कसल्या ठिणग्या उडणार? वर्षातून एकदा, उत्सवाच्या अठराव्या खेळापुरते मला खाली काढत, एरवी मी छपराच्या वाशाला टांगून पडलेला. तेल नाही, हात नाही. माझ्या गाठीला चीर पडली. एका उंदराने माझ्या जोडीदाराची शेपटी कुरतडून पाहिली आणि नापसंत करून निघून गेला. तेवढाही अपमान माझ्या वाट्याला आला नाही.

मग सहा वर्षांपूर्वी आर्द्रा आली. दहा वर्षांची, समोरचा दात पडलेला. पहिल्याच दिवशी वर बोट दाखवून विचारले, “ते वाकडं काय आहे?” गुरुक्कळ म्हणाले, “तुझ्या कामाचं नाही.” झाले! दुसऱ्या दिवशी ती तेलाची वाटी घेऊन हजर. महिनाभर तिने मला तेल पाजले. चीर बुजली. वाशावरून मी तिच्या हातात आलो, आणि मित्रांनो, जुन्या लाकडाला कोणी पुन्हा ‘हे काय आहे’ असे विचारावे, यासारखे सुख नाही.

आता ती दहावीत होती. गुरुक्कळ तिला ‘शाळेची घंटा’ म्हणत, आणि म्हणताना त्यांच्या मिशा हसत. तिच्यासमोर माझ्या जोडीदाराला घेऊन शिजिल उभा राहायचा. तो खासगी बसवर कंडक्टर. आर्द्रा त्याला ‘एट्टा’, म्हणजे दादा म्हणे. पहाटे कलरी, मग दिवसभर घंटी. दोघांचा खेळ पाहायला शेजारची माणसे भिंतीवर बसत.

गेल्या आषाढात केळन गेला, आणि त्यानंतर शब्द गळायला लागले.

आधी चौथ्या खेळातला एक. मग नवव्यातला. मग एका सकाळी अठरावा चालला असताना गुरुक्कळ म्हणाले, “वळ. मागे. फिरव!”

आर्द्राचा हात सुटला. शिजिल सवयीने आधीच बसला होता, म्हणून वाचला. मी त्याच्या केसांना घासून गेलो. कोणी काही बोलले नाही. गुरुक्कळांच्या ते लक्षातही आले नव्हते.

बाहेर विहिरीपाशी पाय धुताना आर्द्रा शिजिलला म्हणाली, “शिजिलेट्टा, आज ‘खाली’ पडलाच नाही.”

“मला माहीत आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवावा गं.”

“मान ठेवता ठेवता तुमचा कान जाईल!”

“मला कळतं कुठे बसायचं ते. सवय आहे.”

“सवय? रोज काय सांगतात आपल्याला? डोळ्याचं ऐकायचं नाही, सवयीचं ऐकायचं नाही. मग?”

शिजिलने डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेतले, म्हणजे उत्तर द्यायला नको. जाताना एवढेच म्हणाला, “अठरावा बंद केला तर काय होईल, ठाऊक आहे ना?”

ते सगळ्यांना ठाऊक होते. राइरु गुरुक्कळांनी घालून दिलेला दंडक. दर वर्षी देवीपुढे अठरावा खेळ व्हायचा. ज्या वर्षी होणार नाही, त्या संध्याकाळी वेदीवरचा दिवा विझवायचा आणि कलरीला कुलूप लावायचे. म्हणूनच सगळे गप्प होते. आणि म्हणूनच आर्द्राने तो प्रश्न विचारला. भजीचे निमित्त होते हो!

उत्सवाला चार दिवस राहिले तेव्हा तिची आई, शायनी, कलरीच्या दारात आली. अंगणवाडीत शिकवते, आवाज बारीक पण शब्द पक्के. 

“गुरुक्कळ, पोरीचं सांगायला आले. जूनपासून तिला त्रिशूरला ठेवतोय. वसतिगृहात जागा मिळाली. अकरावी, बारावी, आणि डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी.”

“बरं झालं,” गुरुक्कळ म्हणाले. “चांगली डॉक्टर होईल. बडबडीनंच निम्मा आजार पळवेल.”

“तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?”

“वाईट कसलं? पोरीचं आयुष्य आहे.”

आर्द्रा कोपऱ्यात मला पुसत होती. तिने मला इतके घट्ट धरले, की आशारींच्या पटाशीची आठवण झाली. त्या दिवशी तिने मला काहीच सांगितले नाही. फक्त ओठ हलत होते. मी कान दिला, म्हणजे मला कान असते तर दिला असता. ती अठराव्या खेळाचे शब्द पुटपुटत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदा, दोनदा, दहा वेळा. दात घासताना, बसची वाट पाहताना, गणिताच्या तासालाही तिचे हेच चालू असे, हे मला नंतर कळले.

उत्सवाचा दिवस उजाडला. दुपारी चारला देवळासमोरच्या अंगणात लाल माती पसरली होती. लोक आंब्याच्या झाडावरसुद्धा बसले होते. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. ती केळनची. कोणी सांगितले नव्हते, तरी तिथे कोणी बसले नव्हते. तिच्या शेजारी आर्द्राची आई, आणि वडील सजीवन, जीप चालवून थेट आलेले, खांद्यावर अजून पंचा. त्यांच्या मागे हिबा आणि दिल्ना, हातात भजीची पुडी, पण दोघीही खात नव्हत्या.

देवस्थानच्या माणसाने गुरुक्कळांच्या अंगरख्याला ध्वनिक्षेपकाची बारीकशी बोंडी अडकवली. “आजोबा, आता ओरडायची गरज नाही. नुसतं बोला, गावभर ऐकू जाईल.” गुरुक्कळांनी त्या बोंडीकडे विंचवाकडे पाहावे तसे पाहिले.

काठी झाली. तलवारी झाल्या, ठिणग्या उडाल्या, टाळ्या पडल्या. मग अंगण रिकामे झाले आणि आम्ही दोघे ओट्टे आत आलो. 

शिजिल हळूच म्हणाला, “घाबरलीस का?”

“तुमच्या कानासाठी!” आर्द्रा म्हणाली. पण हसली नाही.

दोघांनी माती कपाळाला लावली. गुरुक्कळांचा आवाज आला आणि खेळ सुरू झाला. पुढे. वळ. उचल. दे. घे. मी आणि माझा जोडीदार एकमेकांवर आदळत होतो, टक्, टक्, टक्, जणू दोन म्हातारे जुने भांडण उकरून काढत होते. आर्द्राचा श्वास, शिजिलचा श्वास, गुरुक्कळांचा शब्द. एकही चूक नाही. निम्मा खेळ झाला. पाऊण झाला. मला वाटले, पार पडले! आज काही होत नाही.

“वळ.”

आर्द्रा वळली.

“मागे.”

तिचा पाय मागे गेला. मी तिच्या खांद्यामागे ताणला गेलो, धनुष्यासारखा. माझ्या गाठीसमोर शिजिलचा डावा कान होता. त्याच्या मानेवरून ओघळणारा घामाचा थेंबही मला दिसत होता. तो शब्दाची वाट पाहत ताठ उभा होता. त्या दिवशी तो सवयीने बसला नाही. विहिरीपाशी तिने जे सुनावले होते, ते त्याने मनावर घेतले होते.

गुरुक्कळांचा आवाज अडखळला. नेहमीसारखाच, एक क्षण. मी पाहिले, त्यांचे डोळे त्या रिकाम्या खुर्चीवर होते.

“फिरव.”

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला थांबता येत नाही. सहा वर्षांचा सराव त्या हातात होता, आणि तो हात शब्दाचा गुलाम होता. मी निघालो. साठ वर्षांपूर्वीचा सुपारी फुटल्याचा आवाज मला आधीच ऐकू आला.

आणि माझ्यापेक्षा वेगाने, माझ्याही आधी, एक आवाज निघाला.

“खाली!”

तो गुरुक्कळांचा नव्हता. आर्द्राचा होता. आंब्यावरचे कावळे फडफडून उडाले. शिजिल धाडकन मातीत बसला आणि मी त्याच्या डोक्यावरून सूं करत गेलो. एका केसाचेही अंतर नव्हते.

शिष्याने शब्द दिला होता, देवीसमोर, भर उत्सवात! गुरुक्कळांचे तोंड अर्धे उघडे होते, पण त्यातून काही बाहेर येत नव्हते. खेळाचे सात शब्द उरले होते. ते पडले नाहीत तर खेळ अपुरा, आणि खेळ अपुरा म्हणजे दिवा विझणार.

आर्द्राने एकदा गुरुक्कळांकडे पाहिले. मग डोळे समोर वळवले आणि म्हणाली, “ऊठ.”

शिजिल उठला. 

“पुढे.” तिला धाप लागली होती. “घे. दे. वळ.” प्रत्येक शब्दामागे एक घाव, प्रत्येक घावामागे एक शब्द. तीच खेळत होती आणि तीच सांगत होती. असे कधी कोणी केलेले मी पाहिले नव्हते. शेवटच्या दोन शब्दांना तिचा आवाज फाटला. “ठेव. नमस्कार.”

मी मातीला टेकलो.

गुरुक्कळ आपली जागा सोडून आमच्याकडे चालत आले. शायनीने तोंडावर पदर घेतला. सजीवन अर्धे उठले. सगळ्यांना वाटले, आता थप्पड बसणार. आर्द्रा मान खाली घालून उभी राहिली. पण ती मागे सरली नाही.

गुरुक्कळांनी तिच्या हातातून मला घेतले. साठ वर्षांनी! त्यांचा अंगठा माझ्या गाठीवरून फिरला, बुजलेल्या चिरेवर थांबला.

“हो,” ते म्हणाले. अंगावरची ती बोंडी चालूच होती, त्यामुळे ते गावभर ऐकू गेले. “हो, आर्द्रा. मी विसरतो. तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. उत्सवापर्यंत थांब म्हणालो. घाबरलो होतो. माझ्या भीतीपायी आज आणखी एक कान गेला असता.”

देवस्थानचे एक वयस्क गृहस्थ पुढे आले. “गुरुक्कळ, खेळ झाला म्हणायचा, का नाही? शेवट तर पोरीनं सांगितला.”

“शब्द पडले का?”

“पडले.”

“बरोबर पडले का?”

“ते तुम्हीच सांगा.”

“एकही चुकला नाही. मग खेळ झाला. दिवा जळू दे.” मग ते आर्द्राकडे वळले आणि आवाज खाली आणला, तरी तो गावभर गेलाच. “पण आज जे केलंस ते पुन्हा नाही. जो शब्द देतो, त्याच्या हातात ओट्टा नसतो. दोन्ही करायला गेलीस तर एक दिवस कुणाचा तरी जीव घेशील. खेळायचं, का सांगायचं, एकच. खेळलीस तर तुझ्यासारखी खेळणारी मी पाहिली नाही. जा, त्रिशूरला जा, सुट्टीत येऊन खेळ. आणि सांगायचं असेल तर रोज पहाटे पाचला. मी शेजारी बसेन. मी विसरलो की तू सांग, तू चुकलीस की मी ओरडेन. जोवर आठवतंय तोवर.”

त्यांनी मला दोन्ही हातांवर आडवे धरून तिच्यापुढे केले.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते खरे सांगतो. मला वाटले, तिने मला घ्यावे. सहा वर्षे तिच्या तळव्याची ऊब मी खाल्ली होती. ती गेली असती तरी सुट्टीत आली असती, मला तेल लावले असते, गोष्टी सांगितल्या असत्या. पण मला दुसरेही कळत होते. लाकडाला चीर पडली तर तेलाने बुजते. शब्दाला चीर पडली, तर ती बुजवायला जिवंत तोंडच लागते. तुमच्या घरातही कोणाच्या तरी तोंडी असे काही असेल, जे कुठेच लिहिलेले नाही. ते माणूस अडखळायला लागले तर हसू नका, आणि मान ठेवायचा म्हणून गप्पही बसू नका. जाऊन विचारा. आणि ऐकून घ्या.

आर्द्राने मला उचलले. गाठीवर एकदा गाल टेकवला. तिचा गाल ओला होता. मग ती तरातरा पहिल्या रांगेकडे चालत गेली, रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला आणि मागे वळून हिबाच्या मांडीवर मला ठेवले. भजीची पुडी खाली पडली.

“अगं, हे काय?” हिबा किंचाळली.

“मला विचारायला लावलंस ना? आता उत्तर धर. उद्या पहाटे पाच वाजता. पाय धुऊन यायचं, उजवा पाय आधी आत टाकायचा. आणि याला रोज तेल. ओरडू नकोस त्याच्यावर, म्हातारा आहे.”

“मी? मला साधी दोरीवरची उडी येत नाही!”

“मला आलेली कधी बघितलीस?”

हिबाची बोटे माझ्याभोवती वळली. मऊ, नवखी, भजीच्या तेलाने माखलेली. असो, तेल ते तेल!

आर्द्रा आईवडिलांसमोर उभी राहिली. केस विस्कटलेले, कपाळावर लाल माती, घसा बसलेला. शायनी काही म्हणणार, तोच तिने हात वर केला, अगदी गुरुक्कळ करतात तसा.

“बाबा, अम्मा, आधी ऐका, मग रडा. डॉक्टर व्हायचं का नाही ते बारावीनंतर बघू. पण त्रिशूरची जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका. अकरावी मी इथल्याच शाळेत करणार, आणि उद्या पहाटेपासून कलरीत शब्द मी देणार.”